चलाची व्याप्ती : नाव एक, अर्थ अनेक

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या मूल्याला दिलेले नाव म्हणजे चल, अर्थात व्हेरिएबल. हे नाव आज्ञावलीच्या जेवढ्या भागात ओळखले जाते, तेवढी त्या चलाची व्याप्ती. पाठ्यपुस्तकांत तिलाच ‘स्कोप’ म्हणतात. व्याख्या सोपी असली, तरी व्याप्तीची चूक नेहमीच संगणकाच्या लक्षात येते असे नाही. आज्ञावली बिनबोभाट चालते आणि उत्तर मात्र चुकते.

घराघरांत एक ‘दादा’ असतो. हाक कोणत्या घरात मारली, यावर ओ कोण देणार हे ठरते. घरात दादा नसेल, तर वाड्यातला देतो. चलांचेही तसेच आहे. फंक्शनच्या आत निर्माण केलेले चल स्थानिक असते आणि बाहेर त्या नावाला अर्थ नसतो. सर्व फंक्शनांच्या बाहेरचे चल सार्वत्रिक. नाव वाचताना भाषा आधी आत शोधते, न सापडल्यास बाहेर पाहते. उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत, शोध कधीच होत नाही.

पायथनमधील एक उदाहरण पाहू. या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाला देवनागरी नावही देता येते. वर्गणीच्या हिशेबासाठी आरंभी ‘एकूण’ या चलात शून्य ठेवले. पुढे ‘जमा’ नावाच्या फंक्शनमध्ये ‘एकूण’ नुसते छापले, तर शून्य दिसते. मात्र तेथेच ‘एकूण = एकूण + रक्कम’ अशी ओळ लिहिली, की आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. कारण फंक्शनमध्ये कोठेही एखाद्या नावाला मूल्य दिले, की पायथन ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक धरते. बाहेरचे शून्य आता विचारातच येत नाही, आणि आतल्या ‘एकूण’ला अद्याप मूल्य मिळालेले नसते. येथे निदान त्रुटी दिसते. ‘एकूण = रक्कम’ एवढेच लिहिले असते, तर नवे स्थानिक चल निर्माण होऊन फंक्शनबरोबर संपले असते; बाहेरची बेरीज शून्यच राहिली असती आणि कोणतीही सूचना मिळाली नसती.

फंक्शनच्या आरंभी ‘ग्लोबल एकूण’ असे घोषित केल्यास बाहेरचे चल बदलता येते. परंतु नवी बेरीज फंक्शनने परत करावी आणि ती बाहेर साठवावी, हा मार्ग अधिक चांगला. सार्वत्रिक चल कोणतीही ओळ बदलू शकते. चुकीचे मूल्य कोठून आले हे शोधण्यासाठी मग सारी आज्ञावली वाचावी लागते.

नियम भाषागणिक बदलतात. १९६० च्या ‘अल्गोल’ने रूढ केलेली ठोकळ्यांची रचना सी आणि जावा यांत महिरपी कंसांच्या रूपाने दिसते, कंसात घोषित केलेले चल कंसाबरोबर संपते. १९९५ मध्ये आलेल्या जावास्क्रिप्टमध्ये कंस तसेच, पण ‘व्हार’ने घोषित केलेले चल त्यांना जुमानत नाही, त्याची व्याप्ती संपूर्ण फंक्शनभर असते. घोषणाच विसरली, तर काटेकोर पद्धत चालू नसताना ते थेट सार्वत्रिक होते. कंसांना मानणारे ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ हे शब्द २०१५ मध्ये आले. नव्याने शिकणाऱ्याने तेच वापरावेत. पायथनमध्ये मात्र लूपमधील चल लूप संपल्यावरही शेवटच्या मूल्यासह टिकून राहते, आणि जावातून आलेल्यांना ते हमखास चकवते.