देवळाचे लाकूड आणि शिकाऊ हाताचा ठोकळा

देऊळ म्हटले की दगडी गाभारा व कळस डोळ्यांपुढे येतो. परंतु कीर्तनास बसलेल्या भाविकांवर सावली धरणारा जुना सभामंडप पुष्कळ ठिकाणी लाकडाचाच असे. थेऊरच्या श्रीचिंतामणी मंदिराचा लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधविला, हे सर्वश्रुत आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला, असे सांगतात. पुढे १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकूडकाम भस्मसात झाले. तट व दरवाजा तेवढे राहिले. लाकूड असे नाशवंत आहे. म्हणूनच जे उरले त्याचे मोल अधिक.

लाकडाची निवड हे पूर्वीपासून धर्मकृत्यच मानले गेले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी वनात जाऊन वृक्ष कसा निवडावा, यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. स्मशानातला, वीज पडलेला किंवा पक्ष्यांची घरटी असलेला वृक्ष घेऊ नये, आणि तोडण्यापूर्वी त्याची पूजा करून त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांची क्षमा मागावी, असा त्याचा आशय आहे. वीज पडलेल्या लाकडात आत तडे असतात, हे कोणताही जाणता सुतार आजही सांगेल.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, पाभर, गाडी घडविणारा हाच हात देवळाच्या खांबावर कमळ कोरी. तथापि नवशिक्याने एकदम खांबास हात घालू नये. त्याने ठोकळ्यापासून आरंभ करावा, आणि त्याचे अर्धे यश ठोकळ्याच्या निवडीतच असते.

आरंभी मऊ व एकसारख्या रेषांचे लाकूड घ्यावे. शिवण यास उत्तम. ते हलके असून सुकताना फारसे वाकत नाही. पांगारा त्याहून मऊ. सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारे कारागीर तो वापरीत आले आहेत. मात्र बारीक नक्षीची धार त्यात टिकत नाही. सागवान टिकाऊ खरे, पण हत्याराची धार लवकर बोथट करते. ते दुसऱ्या पायरीस ठेवावे. बाभूळ व शिसव नवशिक्याने टाळावे.

ठोकळा एक वीत लांब, चार बोटे रुंद व दोन बोटे जाड पुरे. त्यात गाठ नसावी, आणि खोडाचा मधला बिंदू तर मुळीच नसावा. तो असला की ठोकळा हटकून चिरतो. सालीलगतचे पांढरे लाकूड भुंग्यास प्रिय, म्हणून ते काढून टाकावे. ओले लाकूड सावलीत, वारा खेळेल असे खाली पट्ट्या देऊन रचावे; इंचभर जाडीस साधारण एक वर्ष लागते. ओल दोन्ही टोकांकडून भराभर उडते व तेथेच भेगा पडतात, यास्तव टोकांना मेण किंवा रंग लावावा. सुकल्यावर रंध्याने एक बाजू सपाट करावी, गुण्या लावून बाकीच्या बाजू काटकोनात आणाव्यात, मगच आकृती काढावी. कोरणी रेषेच्या ओघाने चालवावी; उलट चालविल्यास ढलपी उचकटते.

ही विद्या कारखान्यांच्या आगमनाने लोपली, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. ओतकामासाठी आधी लाकडी पॅटर्न लागतो, तेथे सुतारकीचे कसब उपयोगी पडले. लाकूड सुकताना आकसते, हे सुतारास ठाऊक होते. ओतलेले बीडही थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तितका मोठा करावा, एवढे नवे शिकावे लागले. मात्र पगाराची वाट मिळाल्यावर गावातल्या नेहाईशेजारी ओटीवर बसून कोरणारा हात विरळ झाला, हेही खरेच.

येथे जीर्णोद्धाराचा संबंध येतो. जुना मंडप उतरविला की तुळया, कडीपाट व खांब भंगारात जातात किंवा आचाऱ्याच्या चुलीत. वास्तविक शंभर वर्षे सावलीत सुकलेल्या सागवानाइतके स्थिर लाकूड नव्या बाजारात सहसा मिळत नाही. शिवाय साग, आंबा, फणस हे वृक्ष १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तेव्हा कोरीव भाग जपून ठेवावेत. उरलेल्या लाकडातील खिळे उपटून, वाळवी लागलेला भाग छाटून त्याचे ठोकळे करावेत व शिकू इच्छिणाऱ्या मुलांच्या हाती द्यावेत.

देणगीदारांच्या द्रव्याने देऊळ नवे होते. ते पुन्हा जीर्ण होईल त्या दिवशी दुरुस्तीस गावातलाच हात पुढे यावा, यासाठी आजचा एक ठोकळा पुरेसा आहे.