मूळ आवाज आणि बदलीचे व्हॉल्व्ह

एखाद्या वस्तूचा मूळ गुण जपावयाचा म्हणजे तिचा प्रत्येक भाग जसाच्या तसा ठेवावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र आपण ती मानीत नाही. त्याच्या तारा झिजतात, तुटतात. नवी तार चढविली की सूत पुन्हा सरकवून जवारी साधावी लागते आणि तरीही तंबोरा तोच राहतो. विजेच्या गिटारच्या ध्वनिवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, कथा याच जातीची आहे. त्यातील व्हॉल्व्ह हा झिजणाराच भाग. झिजलेल्याच्या जागी कोणता घालावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात बराच इतिहास दडलेला आहे.

१९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी दोन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे, जाळीचे, विद्युदग्र घातले. निर्वात नळीत तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन निघतात आणि जाळीवरील अल्पसा दाब त्यांचा मोठा प्रवाह आवरतो. वर्धनाचे सारे रहस्य एवढेच. कॅथोडवरील लेप हळूहळू निःसत्त्व होतो, म्हणून व्हॉल्व्ह कधीतरी बदलावाच लागतो. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढील दोन-तीन दशकांत घरोघरच्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटार वाजविणाऱ्यांनी मात्र त्यांना सोडले नाही. शक्तीबाहेर भार पडला की व्हॉल्व्ह आवाजाची शिखरे एकदम छाटीत नाही, गोलवीत नेतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकाला तोच गुण वाटला.

आता एकाच घराण्याचा इतिहास पाहू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात ‘बासमन’ नावाचा ध्वनिवर्धक होत असे. त्याच्या १९५९ च्या सुमाराच्या नमुन्यात टंग-सोल कंपनीने काढलेल्या ‘५८८१’ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी होती. अमेरिकन माल इंग्लंडात महाग पडे. म्हणून १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातील वाद्यविक्रेते व ड्रमवादक जिम मार्शल यांनी, केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने, त्याच आराखड्यावरून आपले यंत्र उभे केले. तेच ‘जेटीएम ४५’ होय.

नक्कल होती, पण सुटे भाग स्थानिक. पहिल्या टप्प्यात फेंडरने ‘१२एवाय७’ घातला होता, त्याचा वर्धनांक ४० च्या आसपास. मार्शलने तेथे ‘ईसीसी८३’ घातला, त्याचा वर्धनांक १००. साहजिकच हे यंत्र लवकर तापू, म्हणजे लवकर गुरगुरू लागले. शेवटच्या टप्प्यात प्रारंभी ‘५८८१’ होते, पण लवकरच त्यांची जागा इंग्लिश ‘केटी६६’ ने घेतली. १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदात जो आवाज काढला, तो याच जातीच्या यंत्राचा. त्याच सुमारास ‘केटी६६’ जाऊन त्याहून स्वस्त व सुलभ ‘ईएल३४’ आला आणि पुढे ‘ब्रिटिश आवाज’ म्हणून जगाने ज्याला डोक्यावर घेतले, तो ‘ईएल३४’ चा. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मार्शल यंत्रांत ‘६५५०’ बसविले जात. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास चांगले ‘ईएल३४’ दुर्मिळ झाले, तेव्हा मार्शलच्या यंत्रांत रशियन बनावटीचे ‘५८८१’ दिसू लागले. आकडा फिरून पहिल्या जागी आला. परंतु त्या नावाखालची नळी सोव्हिएत घडणीची, निराळीच होती.

तेव्हा यातील मूळ कोणते? ज्या आवाजाला आज मूळ मानून जपले जाते, तो स्वतःच बदलीतून जन्मलेला आहे. त्या बदलीमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा किंमत आणि उपलब्धता यांचाच हात अधिक होता. सक्तीची रुची झाली आणि रुचीची परंपरा!

पण यावरून वाटेल तो व्हॉल्व्ह वाटेल तेथे चालतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ‘ईसीसी८३’ आणि ‘१२एएक्स७’ ही एकाच नळीची युरोपीय व अमेरिकन नावे. ती निर्धास्त बदलावी. शक्तिव्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. ‘५८८१’ चा तापक ०.९ अँपिअर घेतो, ‘ईएल३४’ चा १.५, तेवढा भार रोहित्राला पेलला पाहिजे. दोघांच्या पहिल्या पिनेची जोडणीही सारखी नाही. जोडीतील दोन्ही नळ्या सारखा प्रवाह घेणाऱ्या हव्यात, आणि नवी जोडी बसविल्यावर जाळीवरील ऋण दाब पुन्हा लावावा लागतो. तीच या यंत्राची जवारी. हे काम जाणकारानेच करावे, कारण आत चारशे-पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

हे सारे झाले व्हॉल्व्ह मिळत असतील तर. लंडनच्या हॅमरस्मिथमधील ‘केटी६६’ चा कारखाना १९८८ मध्ये बंद पडला. ब्लॅकबर्नच्या मुलार्ड कारखान्याने व्हॉल्व्हचे काम त्यापूर्वीच सोडले होते. पश्चिमेने जी विद्या टाकून दिली, ती पूर्वेच्या देशांत तगली. सप्टेंबर १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक ‘मिग-२५’ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते येथे उतरला, तेव्हा त्यातील यंत्रणेत व्हॉल्व्ह पाहून तज्ज्ञांना नवल वाटले होते. पुढे अमेरिकन वादकांची गरज रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चादत्सा आणि चीनमधील कारखाने भागवू लागले. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, रशियाने अनेक वस्तूंची निर्यात रोखली, तेव्हा सारातोव्हचा माल अडकला आणि जगभर किमती भडकल्या. काही काळाने तो पुन्हा सुटला; पण एका युद्धाचा धक्का थेट वादकाच्या खोलीपर्यंत पोहोचला.

काचेवरचा आकडा नळी कोठे बसेल एवढेच सांगतो. ती कशी बोलेल हे सांगत नाही. जुन्या काळच्या न वापरलेल्या नळ्यांसाठी लोक आज मोठी किंमत मोजतात, पण तो साठा सरणारा आहे. टिकावयाचे ते कारागिराच्या हातात आणि वादकाच्या कानात टिकेल. ज्या दिवशी नवी नळी घडविणारा हात उरणार नाही, त्या दिवशी जुन्याची निवड करण्यालाही अर्थ उरणार नाही.