प्रसूतिकक्ष : माता व नवजात यांच्या सान्निध्याचा इतिहास

रुग्णालयातील प्रसूतिकक्षाची आखणी करताना प्रकाश, वायुवीजन, स्वच्छता यांबरोबरच नवजात अर्भकाचा पाळणा कोठे ठेवावयाचा, हे ठरवावे लागते. तो मातेच्या खाटेशेजारी असावा की भिंतीपलीकडील स्वतंत्र अर्भककक्षात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत दोनदा पालटले आहे.

भारतात प्रसूतीसाठी वेगळी जागा योजण्याची कल्पना जुनी आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे; सुश्रुतसंहितेत त्याची लांबी आठ हात व रुंदी चार हात दिली आहे. महाराष्ट्रातील घरोघरची बाळंतिणीची खोली पुष्कळदा अंधारी, कोंदट व शेगडीच्या धुराने भरलेली असे आणि आरोग्यदृष्ट्या तीवर घेण्यासारखे आक्षेप थोडे नव्हते. तथापि ‘बाळ-बाळंतीण’ या जोडशब्दाप्रमाणेच ती दोघे एकत्र असत; त्यांना निरनिराळ्या खोल्यांत ठेवावे, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

ही कल्पना पाश्चात्त्य रुग्णालयांत उद्‌भवली आणि तिच्या मुळाशी सूतिकाज्वराची दहशत होती. एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय प्रसूतिगृहांत या ज्वराने असंख्य स्त्रिया दगावत. व्हिएन्ना येथे इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावून मृत्युमान झपाट्याने खाली आणले. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील सुईणींच्या प्रशिक्षणाचा कक्ष याच ज्वरामुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला. त्या कक्षाशी निकटचा संबंध असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८७१ मध्ये प्रसूतिसंस्थांवर पुस्तक लिहून रुग्णालयापेक्षा घरी होणारी प्रसूती अधिक सुरक्षित असल्याचे आकड्यांनिशी दाखविले आणि थोड्या खाटांचे सुटे कक्ष सुचविले. झेमेलव्हाइस यांचा धडा मुख्यतः हातांविषयीचा होता. पुढील पिढ्यांनी त्याला भिंतींची जोड दिली, आणि हात धुण्यापेक्षा भिंत बांधणे अधिक सोपे ठरले.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी एत्येन तार्निये यांनी पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात १८८०–८१ च्या सुमारास उबेची पेटी वापरात आणली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांना या पेटीचा एक अनपेक्षित परिणाम दिसून आला. पेटीत वाढणाऱ्या मुलाची कोणतीच सेवा जिला करावी लागत नाही, त्या मातेचे मन त्याच्यावरून उडते. काही माता तर मूल टाकून जात. बालक वाचले तरी ते आईला पारखे होते, ही खंत त्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यक्त केली आहे. मातेला मूल दिसावे म्हणून काचेच्या भिंतींची पेटी असावी आणि मातेने येऊन अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. या विषयातील पुढील बहुतेक विचार बीजरूपाने येथे आढळतो. पण पेटी जगभर गेली आणि आग्रह मागे राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विशेषतः अमेरिकेत प्रसूती घरातून रुग्णालयात आली व मध्यवर्ती अर्भककक्ष हा प्रसूतिविभागाचा अविभाज्य भाग बनला. पाळण्यांच्या रांगा, त्यांपुढे काचेची मोठी खिडकी, खिडकीबाहेर आप्तेष्ट, आणि दर चार तासांनी मातांकडे पाजण्यासाठी नेली जाणारी बाळे, असे त्याचे स्वरूप होते. संक्रामण टाळण्यासाठी उभारलेल्या याच दालनांत पुढे संक्रामणाच्या साथी उद्‌भवल्या, हा या इतिहासातील मोठा विपर्यास होय. पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या पुंजगोलाणूंचा (स्टॅफिलोकॉकस) एक प्रकार १९५३ पासून ऑस्ट्रेलियातील व त्यानंतर इतर देशांतील अर्भककक्षांत पसरला. एकाच परिचारिकेचे हात अनेक बाळांना लागत. मातेच्या कुशीत हा धोका कमी होता.

तोपर्यंत बदलाला आरंभ झाला होता. आर्नल्ड गेझेल व फ्रान्सिस इल्ग यांनी १९४३ मध्ये माता व अर्भक यांना एका खोलीत ठेवण्याच्या पद्धतीस ‘रूमिंग-इन’ असे नाव दिले आणि ईडिथ जॅक्सन यांनी १९४६ मध्ये येल विद्यापीठाशी संलग्न न्यू हेवन येथील रुग्णालयात तिच्यासाठी चार खाटांचा छोटा कक्ष सुरू केला. कॅलिफोर्नियातील कैसर रुग्णालयांत १९५३ च्या सुमारास सिडनी गारफील्ड यांनी योजलेली रचना मोठी मौजेची आहे : अर्भककक्ष व मातेची खोली यांमधील भिंतीत बाळाचा पाळणा खणासारखा बसविलेला असे व मातेने ओढताच तो तिच्या बाजूस येई. भिंत ठेवून भिंतीवर केलेली ही तोड होती.

मार्शल क्लाउस व जॉन केनेल यांनी १९७२ मध्ये २८ प्रथमप्रसूत मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या १४ मातांना पहिल्या तीन दिवसांत बाळाचा सहवास एकूण १६ तास अधिक मिळाला, त्यांचे वात्सल्य अधिक प्रकट दिसले. या लहानशा अभ्यासावर फार मोठी इमारत रचली गेली. जन्मानंतरचे पहिले काही तास हुकले, तर मातृबंध कायमचा दुबळा राहतो, असा समज रूढ झाला. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या किंवा आजारी मातांना तो निष्कारण अपराधी ठरविणारा होता. पुढील संशोधकांनी तो फेटाळला, आणि ते योग्यच झाले. दत्तक घेणाऱ्या मातांचे वात्सल्य हा त्याविरुद्धचा रोजच्या पाहण्यातला पुरावा आहे. तथापि या चळवळीने प्रसूतिकक्षांची दारे उघडली, हेही खरे.

सान्निध्याचा अधिक भक्कम आधार गरिबीतून मिळाला. कोलंबियातील बोगोटा येथे एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवण्याची पाळी आली असता एद्गार रे सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये अपुऱ्या दिवसांचे बाळ मातेच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची कांगारू पद्धती सुरू केली. पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानाच्या दहा सूत्रांत माता व बाळ यांनी चोवीस तास एकत्र राहावे, हे सूत्र अंतर्भूत केले. भारतातील गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळ आईच्या खाटेवरच असे; ते धोरण म्हणून कमी व जागेच्या टंचाईमुळे अधिक.

अतिदक्षता कक्षाची भिंत मात्र टिकून होती. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील एकूण पाच रुग्णालयांत १ ते १·८ किग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या ३,२११ बाळांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धती सुरू केल्यास २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५·७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी मातेची खाट अतिदक्षता कक्षातच मांडावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या पद्धतीची शिफारस केली.

खाटेला पाळण्यापेक्षा बरीच अधिक जागा लागते. तिच्याबरोबर स्नानगृह, भोजन, सोबतीच्या नातेवाइकाची बसण्याची सोय, तसेच बाळ व बाळंतीण या दोघांनाही पाहू शकणाऱ्या परिचारिका याव्या लागतात. अनेक रुग्णालयांत बाळंतिणींचा कक्ष एका मजल्यावर व नवजात विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी मातेला जिना चढवत नाही.