शब्दवेध : क्षत्रप

बार्शीटाकळीच्या स्टँडवर चहा घेत अकोल्याच्या गाडीची वाट पाहणारा एखादा गृहस्थ वर्तमानपत्रातील ‘प्रादेशिक क्षत्रप’ हा मथळा वाचता वाचता शेजाऱ्यास ‘शहरात काम आहे’ असे सांगतो, तेव्हा आपण एकाच कुळातील दोन शब्द हाताळतो आहोत, याची त्यास गंधवार्ताही नसते.

प्राचीन इराणी भाषेत ‘क्षथ्र’ म्हणजे राज्य आणि ‘पा’ म्हणजे राखणे. म्हणून राज्याचा राखणदार तो ‘क्षथ्रपा’. हखामनी साम्राज्य जिंकणाऱ्या अलेक्झांडरने, आणि त्यामागून सेल्युकसने, क्षथ्रपांची ही सुभेदारी कायम ठेवली. ग्रीकांच्या जिभेवर तिचा अंमलदार ‘सत्रापेस’ झाला, तर शकांच्या राजवटीत इकडे आलेले त्याचे रूप, ‘क्षत्र’ आणि ‘भूप’ या सगोत्र शब्दांच्या घरोब्यामुळे, ‘क्षत्रप’ म्हणून सहज रुळले. नाशिकच्या लेण्यांत, शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखांत, ते कोरलेले आहे. त्याच नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर, त्यास हरविणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटविला. अशी हजारो नाणी १९०६ साली जोगळटेंभीस सापडली.

हुद्दा बुडाला, नाणे बदलले. परंतु मूळच्या ‘क्षथ्र’चे फारसीत ‘शहर’ होऊन, सुभ्याच्या दप्तराबरोबर, तेही वऱ्हाडात आले आणि आज एस.टी.च्या तिकिटाइतके नित्याचे झाले.