फोटो बघताना पायांकडे बघा



मागच्या पेसाहला माझ्या थोरल्या बहिणीची नात आमच्याकडे अश्दोदला आली होती. इथल्या शाळेत सातवीच्या सुमाराला मुलांना 'शोराशिम' म्हणजे घराण्याची मुळं शोधायचं काम देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तिला जुने फोटो हवे होते. मी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, आणि मी, बहीण आणि ती, तिघी टेबलाशी बसलो.

त्या डब्यात एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेले खांब आणि पडदा. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक तरुण बाई उभी आहे. पांढरी साडी, हातात फुलांचा गुच्छ. मुंबईच्या दमट हवेत फोटो काचेला चिकटला आणि काढताना चेहरा काचेबरोबर गेला. मागे पेन्सिलीने फक्त 'भायखळा' लिहिलंय. आमच्या घरात हा फोटो आईच्या लग्नाचा म्हणून ओळखला जातो. आईचं लग्न १९४८ सालचं. आई जाऊन आता आठ वर्षं झाली.

पोरीने विचारलं, "चेहराच नाही, मग कशावरून?" बहीण म्हणाली, "पांढरी साडी, हातात फुलं. आपल्यात नवरीच अशी असते." पोरीने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला आणि म्हणाली, "पण सँडल काय मस्त आहेत!"

मी चष्मा लावून बघितलं. साडीच्या निऱ्यांखालून डावं पाऊल पुढे आलंय. पुढचं टोक निमुळतं, टाच उंच आणि खाली जाता जाता पेन्सिलीएवढी बारीक. मी म्हटलं, "ही आई नाही."

हे मी इतक्या ठामपणे का म्हटलं, ते सांगते. ३८ वर्षं मी वॉर्डात पांढरे सपाट बूट घालून काढली, आधी मुंबईत आणि १९८३ ला अलिया केल्यावर इथे. उंच टाचा पायात घालायला फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून बघायचा नाद लागला. जुनी मासिकं, सिनेमाचे फोटो, संग्रहालयांची पुस्तकं, जिथे मिळेल तिथे मी टाचा बघते. दुसऱ्या बायका दागिने बघतात तशी. त्यातून एक कळलं. साडीवरून साल सांगणं कठीण, कारण पांढरी साडी ती पांढरी साडी. टाचेचा आकार मात्र दर दहा-बारा वर्षांनी बदलत आला आहे.

थोडं मागून सुरू करू. उंच टाच ही मुळात बायकांची नव्हेच. इराणचे घोडेस्वार ती घालत, रिकिबीत पाय पक्का बसावा आणि उभं राहून बाण मारता यावा म्हणून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती युरोपातल्या श्रीमंत पुरुषांनी उचलली, मग बायकांनी. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालायचा. त्याचं १७०१ सालचं मोठं चित्र प्रसिद्ध आहे, त्यात त्या लाल टाचा स्वच्छ दिसतात. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत राजेशाहीबरोबर टाचाही उतरल्या, आणि जवळजवळ दोन पिढ्या युरोपातल्या बायका सपाट चपट्या बुटांत वावरल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाच परत आली ती जुन्या आकारात, आणि तिला 'लुई हील' म्हणू लागले. डमरू डोळ्यांसमोर आणा: वर रुंद, मध्ये बारीक, खाली परत रुंद. मला विचाराल तर सगळ्या टाचांत ही माझी आवडती. दिसायला नाजूक, पण जमिनीशी पसरट, त्यामुळे पाय लचकत नाही. १९२० च्या दशकात विलायती बायकांचे झगे घोट्याच्या वर गेले तेव्हा बूट दिसायला लागले, आणि पायावरून पट्टा जाऊन बाजूला बटण लागणारे बूट आले. त्यांना लुई हील तरी असायची किंवा सरळ, दणकट अशी क्युबन हील.

आता आपल्याकडे येऊ. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या शनवार तेल्यांच्या घरात नऊवारी नेसलेल्या बायकांच्या पायात टाच कुठून असणार? आपल्याकडे बूट आधी पुरुषांच्या पायात आले. मुंबई इलाख्याच्या पलटणीत आपले कितीतरी पुरुष होते, आणि पलटण म्हटली की बूट आलेच. बायकांच्या पायात बूट आले ते, माझ्या मते, शाळेमुळे आणि पगारामुळे. शिक्षिका, नर्स, टायपिस्ट, टेलिफोनवर बसणाऱ्या मुली. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स ही बगदादी यहुदी, आपल्यातली नव्हे, पण तीही सिनेमात यायच्या आधी टेलिफोन ऑपरेटरच होती. रोज ट्रामने कामावर जाणारी मुलगी पाचवारी नेसू लागली, आणि पाचवारीखाली सँडल दिसू लागले.

पुढचा बदल लढाईमुळे झाला. १९३५ ला इटलीने ॲबिसिनियावर हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. फ्लॉरेन्समध्ये साल्वातोरे फेरागामो नावाचा मोठा कारागीर होता. बुटाच्या कमानीखाली घालायची चांगली पोलादी पट्टी त्याला मिळेना. त्याने सार्डिनियाचं बूच घेऊन टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी भरूनच टाकली. झाली वेज हील. एका बाजूने उतरता, सलग ठोकळा. दुसऱ्या महायुद्धात चामडं फौजेच्या बुटांकडे गेलं, तेव्हा बूच आणि लाकडाच्या या टाचा जगभर चालल्या.

आईच्या लग्नातली सँडल याच जातीची होती. ती किती वेळा सांगायची! शेजारणीकडून मागून आणलेली, लाकडी सलग टाचेची, अर्ध्या नंबराने मोठी, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. "ठोकळ्यावर उभी राहून लग्न केलं मी," म्हणायची. पुढेही जन्मभर तिने वेज सोडून दुसरी टाच घातली नाही. बारीक टाच बघून तिला चक्कर यायची.

आणि फोटोतली बारीक टाच? ती १९४८ ला जगात कुठल्याच दुकानात नव्हती. पेन्सिल हील, म्हणजे स्टिलेटो, १९५० च्या दशकात आली. पॅरिसमध्ये डिओरसाठी काम करणारा रोजे व्हिव्हिए आणि इटलीतले कारागीर, श्रेय कोणाचं यावर वाद आहे. पण ती तोपर्यंत का आली नाही याचं कारण साधं आहे. लाकूड इतकं बारीक केलं तर मोडतं. टाचेच्या पोटात पोलादी सळई घालायची युक्ती निघाली तेव्हाच ती उभी राहिली. स्टिलेटो हे नावसुद्धा इटलीच्या बारीक खंजिरावरून.

नर्स म्हणून एक हिशेब सांगते. साठ किलोची बाई चालताना क्षणभर सगळा भार एका टाचेवर देते. टाचेचं टोक एक चौरस सेंटिमीटर धरा, म्हणजे तेवढ्याशा जागेवर साठ किलो. हत्तीच्या पायाखाली जमिनीवर याहून कमी दाब पडतो. म्हणूनच त्या काळी लाकडी जमिनींना आणि लिनोलियमला भोकं पडायची, आणि कित्येक इमारतींत या टाचांना बंदी होती.

तर फोटोतली बाई कोण? माझ्या मनात लगेच मावशी आली.

मावशी आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिने लग्न केलं नाही. १९५९ साली तिने मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, आणि पहिल्या पगारातून माझगावच्या एका चिनी मोच्याकडून उंच टाचेचे पांढरे सँडल शिवून घेतले, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. (माझगावात तेव्हा चिनी लोकांची वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर देशभरात चिनी कुटुंबांकडे संशयाने बघायला लागले, अनेकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. मावशीचा मोचीही त्याच सुमारास दुकान बंद करून कुठेतरी निघून गेला.) आजोबा रागावले होते, महिन्याचं रेशन पायात घातलं म्हणून. सिनेगॉगमध्ये बायकांची वरची गॅलरी लाकडी. शब्बाथला मावशी चढायला लागली की खाली हजानचं लक्ष उडायचं, टक्-टक्, टक्-टक्. मग ती जिन्याखालीच सँडल काढून हातात घ्यायची आणि अनवाणी वर जायची, पण सँडल बदलले नाहीत.

ड्यूटीवर मात्र ती पांढऱ्या सपाट बुटांतच. मी नर्सिंगला गेले तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं होतं, "वॉर्डात पाय सांभाळ, बाहेर हौस सांभाळ." पुढे कळलं, किती खरं होतं. रोज उंच टाच घातली की भार चवड्यावर येतो, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येतं, पोटरीचे स्नायू आखडतात. असे पाय मी पुष्कळ बघितले. अधूनमधून लग्नकार्यात घातली तर काही बिघडत नाही.

आजोबांचं दुखणं, आजीचं म्हातारपण, आमच्या शाळेची फी, सगळं मावशीच्या पगारावर झालं. आम्ही अलिया केली तेव्हा ती आजीसाठी मागे राहिली, आणि १९९१ ला भायखळ्यालाच वारली.

आता फोटो परत बघा. नर्ससुद्धा समारंभाला पांढरी साडी नेसते. डिप्लोमा मिळाला की हातात फुलंही देतात. आमच्या डोक्यात पांढरी साडी म्हणजे नवरी, आणि मावशी तर नवरी झालीच नाही. म्हणून तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आम्ही इतकी वर्षं आईच्या नावावर धरला. मी स्वतः नर्स, मला तरी हे सुचायला हवं होतं. फोटोत डाव्या खांद्याशी एक गोल ठिपका आहे. नर्सचा बिल्ला असेल किंवा साधा ब्रूच, स्पष्ट दिसत नाही. तो मी पुरावा धरत नाही.

बहिणीला हे लवकर पटेना. तिचं दुःख मला समजत होतं. ती म्हणाली, "म्हणजे आईच्या लग्नाचा एकही फोटो आपल्याकडे नाही?" नाही. हा आईचा नव्हे म्हटलं की आईचा उरतच नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या टाचांचा जिन्यातला आवाज मला आठवतो. मी नऊ वर्षांची होते." तिने स्वतःच फोटो उचलून मावशीच्या बाजूला ठेवला. पोरीने तिच्या तक्त्यात आईच्या लग्नाची चौकट रिकामी सोडली आणि खाली लिहिलं, 'फोटो नाही.'

तुमच्याही डब्यांत असे बिननावाचे फोटो असतील. लुई हील आणि बटणाचा पट्टा दिसला तर १९२० ते ३० चं दशक मनात धरा. सलग ठोकळा दिसला तर १९४० च्या आसपासचा किंवा नंतरचा. पेन्सिल हील १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची. तीच बारीक पण बुटकी, दीड-दोन इंचाची असेल तर साधारण १९६० च्या आगेमागे. १९६५ नंतर टोक बोथट आणि टाच ठेंगणी, चौकोनी होते. तळवाच जाड झाला की १९७० चं दशक.

पण एक सावधगिरी. टाच फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. पॅरिसची टाच भायखळ्याला पोचायला काही वर्षं लागायची, आणि आपल्या बायका एक सँडल दहा वर्षं वापरायच्या, बहिणीबहिणींत फिरवायच्या. त्यामुळे जुनी टाच नव्या फोटोत सापडेल. नवी टाच जुन्या फोटोत सापडणार नाही. आमचा निकाल एवढ्यावरच लागला.

शेवटी दोन विनंत्या. एक, घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या शब्बाथला फोटो घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. दुसरी, फोटो मोबाइलवर घेताना आपण चेहरा मोठा यावा म्हणून खालचा भाग कापतो. पाय कापू नका. आमच्या घरच्या प्रतीतून कोणी पाय कापले असते, तर मावशीचा तो एक फोटोही आमच्याकडे नसता.