शनिवारचा टायमर : डीव्हीडी रेकॉर्डरची कुळकथा

डीव्हीडी रेकॉर्डर हा व्हीसीआरचा वारस. टीव्हीवरचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि सवडीने पाहायचा, ही सवय सोनीच्या बीटामॅक्सने १९७५ मध्ये आणि जेव्हीसीच्या व्हीएचएसने १९७६ मध्ये लावली. भारतात व्हीसीआर रुजला तो १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास, रंगीत टीव्हीच्या बरोबरीने. इथे मात्र त्याला वेगळेच काम मिळाले. पाहायला एकटे दूरदर्शन, त्यामुळे उतरवून घेण्यासारखे थोडेच होते. गावोगावी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहिले जात. कॅसेट यायची ती भरलेलीच. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरचे नावही भरलेल्या कॅसेटींच्या त्याच काळात महाराष्ट्राबाहेर गेले. उघड्या चौथऱ्यावरचा शनी आणि दारे नसलेली घरे देशभर माहीत झाली, त्यात १९९० च्या दशकातल्या गुलशन कुमार यांच्या ‘सूर्यपुत्र शनिदेव’ या चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्याला खरा अर्थ आला तो उपग्रह वाहिन्यांमुळे. १९९१ मध्ये स्टार, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आणि १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली. एकाच वेळी दोन आवडते कार्यक्रम लागू लागले. केबलच्या जमान्यात व्हीसीआर स्वतःच हवी ती वाहिनी पकडू शकत होता, आणि नेमकी हीच सोय पुढे नाहीशी झाली.

पायोनियर कंपनीने घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर डिसेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये आणला. ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या प्रतीत सुमारे दोन तास, प्रत कमी केली तर चार किंवा सहा तास मावत. रिवाइंड करत बसायला नको, हवा तो भाग लगेच लावता येई. पण भारतात हे यंत्र येते न येते तोच प्रक्षेपणाची रीत बदलली. २००३ मध्ये डिश टीव्ही आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क डीडी डायरेक्ट प्लस सेवा सुरू झाली. जिथे केबल पोचली नव्हती त्या वस्त्यांवरही छत्री लागली. आता वाहिनी बदलणार सेट टॉप बॉक्स, आणि पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांच्या वायरीतून जे येईल तेवढेच रेकॉर्डर उतरवून घेणार.

शनिवार हा शिंगणापुरात गर्दीचा वार. पूजासाहित्याच्या दुकानदाराला त्या दिवशी टीव्हीसमोर बसायला सवड कुठली? दर शनिवारचा टायमर अशा घरासाठीच असतो. रेकॉर्डरवर वार, वेळ आणि ‘लाइन इन’, म्हणजे त्या वायरींची खाच, लावायचे. तेवढ्याने भागत नसे. बॉक्सही त्या वेळी चालू आणि त्याच वाहिनीवर हवा. मधे कोणी वाहिनी बदलली, तर डिस्कवर भलतेच काही उतरे. त्यात त्या वर्षांतले ग्रामीण महाराष्ट्राचे भारनियमन. वीज गेली की अनेक रेकॉर्डरांचे घड्याळ पुसले जाई आणि टायमरही. रेकॉर्डिंग चालू असताना गेली, तर डिस्क वाया जाण्याचीही भीती. सगळे सुरळीत पार पडले तरी डिस्क ‘फायनलाइज’ केल्याशिवाय, म्हणजे रेकॉर्डरवरच शेवटची प्रक्रिया करून बंद केल्याशिवाय, बहुतेक प्लेअरांवर चालत नसे. हे माहीत नसल्याने कोऱ्या समजून टाकून दिलेल्या डिस्कांत चांगले रेकॉर्डिंग असू शके, ही खरी हळहळीची गोष्ट. चित्राचीही झीज होई. बॉक्सने उलगडलेले डिजिटल चित्र रेकॉर्डर पुन्हा दाबून बसवी, त्यामुळे सहा तासांच्या प्रतीत धावपळीच्या दृश्यांत चौकोन उमटत.

यंत्रात खोट नव्हती. वाहिनी एका डब्याच्या हाती आणि घड्याळ दुसऱ्याच्या, ही रचनाच त्याला नडली. २००८ मध्ये टाटा स्काय प्लसने हार्ड डिस्क बॉक्समध्येच बसवली, तेव्हा दोन डबे जुळवण्याचा प्रश्नच मिटला. पुढे एचडी प्रक्षेपण आले. त्याची एचडीएमआय वायर घेणारी खाचच सामान्य डीव्हीडी रेकॉर्डरला नव्हती.

८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने शनीच्या चौथऱ्यावर महिलांना प्रवेश खुला केला. ती दृश्ये वृत्तवाहिन्यांवर दिवसभर चालली. तोवर घरगुती रेकॉर्डिंग बॉक्समधल्या हार्ड डिस्कवर किंवा बॉक्सला जोडलेल्या पेन ड्राइव्हवर होऊ लागले होते. ते सांकेतिक रूपात साठते आणि सहसा त्याच बॉक्सवर चालते. वर्गणी थांबली किंवा बॉक्स बदलला की बहुधा हातचे जाते. फायनलाइज केलेली डिस्क मात्र शेजारच्या घरातल्या प्लेअरवरही लागते. तिच्यातले रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणाने खराब होते. म्हणून जुन्या डिस्का वाचता येताहेत तोवर त्यांची प्रत संगणकावर काढून ठेवावी.