सोंगाड्याची बोली

भाऊबीज होऊन पाच-सहा दिवस झालेत आणि तुम्ही नाकाडोंगरीच्या मंडईत उभे आहात. तुमसरहून कटंगीकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुपारपासून पाय ठेवायला जागा नाही. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, भज्यांच्या कढया, माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांच्या कडेवरची पोरं. हलका धान कापून झालाय, भारी धान अजून उभा आहे. भंडारा-गोंदियाकडं दिवाळी दोन-चार दिवसांत संपते, मंडया मात्र पुढं कितीतरी दिवस चालतात. आज या गावची, उद्या पलीकडच्या गावची, आणि पाहुणे आपले गावोगाव फिरत राहतात. ज्या गावची मंडई, त्या गावात रात्री दंडार, खडी गंमत नाही तर नाटक ठरलेलंच.

रात्रीचे दहा वाजलेत. कापलेल्या बांधीत कनात लागलीय. धसकटं चपलेतून टोचतात. शेजारच्या आजीनं घरून बोरा आणलाय, त्याचा अर्धा भाग ती तुमच्याकडं सरकवते. "बसा जी." हे 'जी' कानात साठवून घ्या, पुढं लागेल.

तुमच्या हातात दोन सेलांची जुनी टॉर्च आहे. लहानपणी संपलेला सेल तुम्ही दगडानं ठेचला असेल, आतली कांडी काढून भिंतीवर रेघोट्या मारल्या असतील आणि दोन दिवस बोटं काळी राहिली असतील. कांडीभोवतीची ती काळी भुकटी मुख्यतः मॅंगनीज डायऑक्साइडची. सेलच्या कारखान्यांना लागणारा तो काळा दगड इथं जवळच, डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत निघतो. म्हणजे नाकाडोंगरीच्या अंधारात जी टॉर्च पेटते, तिच्या पोटात याच मुलखातली माती असू शकते.

आता टॉर्च विझवा. पुन्हा पेटवाल तेव्हा साल वेगळं असेल. पुढच्या रात्री मी रचलेल्या आहेत, त्यांच्याभोवतीचा काळ मात्र खरा आहे.

1907. टॉर्च पेटतच नाही, कारण इथं अजून टॉर्च आलेलीच नाही. टेंभे जळताहेत आणि धुरानं डोळे चुरचुरताहेत. समोर खडी गंमत उभी आहे. खडी म्हणजे उभी. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झांजवाला, लुगडं नेसलेला नाच्या, सगळे रात्रभर उभ्यानं खेळतात. गण झाला, गौळण झाली. एक फड कलगीचा आणि एक तुऱ्याचा, त्यांचे सवाल-जवाब रंगलेत, पण लोक वाट पाहताहेत ती सोंगाची.

या मुलखाला नुकतंच कळलंय की आपल्या पायाखाली पैसा आहे. 1904-05 मध्ये रशिया आणि जपानचं युद्ध पेटलं, रशियाकडून येणारा मॅंगनीज अडला, विलायतेच्या बाजारात भाव चढला आणि साहेब लोक मध्य प्रांताच्या डोंगरांवर हातोड्या घेऊन आणखी जोमानं फिरू लागले. धान रोवणारे हात दगड फोडू लागले.

सोंगाड्या येतो. डोक्यावर सुपडं उलटं घातलंय, ती त्याची हॅट. तोंडाला चुना फासलाय. तो दगड उचलतो, हुंगतो, कानाला लावतो, त्याचा मुका घेतो. बायका पदरात तोंड लपवतात. मग मजूर झालेला दुसरा गडी पुढं येतो आणि हात जोडून विचारतो, "सायेब, गोटा बी कारा, आमी बी कारे. गोट्याले भाव हाये, आमाले काहून नाई?"

साहेब झालेला सोंगाड्या थबकतो. मजुराला हुंगतो, त्याच्या कानाला कान लावतो, आणि मान हलवत म्हणतो, "तू बोलतेस. गोटा बोलत नाई."

लोकांचं हसू बांधीच्या पलीकडं जातं. तुम्हीही हसता. हसता हसता तुमच्या लक्षात येतं की खाणीवर काम करणारी निम्मी माणसं तुमच्या आजूबाजूलाच बसलीत. उद्या सकाळी ती पुन्हा साहेबापुढं उभी राहतील, तेव्हा साहेबाच्या हॅटच्या जागी त्यांना सुपडं दिसेल. तेवढं बळ एका रात्रीनं दिलं. मला ते थोडं वाटत नाही.

'कारा' हा शब्दही ऐकलात ना? इथल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो आणि 'ण'चा 'न'. हे बोलणं कागदावर कुठंच नाही, आणि त्या काळात हेच त्याचं चिलखत होतं. 1876 साली इंग्रज सरकारनं नाटकांवर बंदी घालण्याचा कायदा केला. 1907 मध्ये रंगमंचावर आलेलं खाडिलकरांचं 'कीचकवध' 1910 मध्ये बंद पडलं, कारण कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. छापलेलं नाटक सरकार मागवून वाचू शकतं. सोंगाड्याचं वाक्य मागवणार कुठून? ते त्याच्या ओठांवर त्या रात्री जन्मतं आणि पहाटे विरून जातं.

त्याच 1876 साली, इथून हजारो मैलांवर, रशियाच्या झारनं जर्मनीतल्या एम्स गावी मुक्काम असताना एका हुकमावर सही केली. युक्रेनी भाषेत पुस्तकं छापायची नाहीत आणि नाटकं करायची नाहीत. दोन साम्राज्यं, एकच वर्ष, आणि दोघांनाही भीती रंगमंचाची. युक्रेनची गंमत तर याहून खोल आहे. त्यांच्या आधुनिक साहित्याची सुरुवात ज्या ग्रंथापासून मानतात ती 1798 ची 'एनेइदा', इवान कोत्ल्यारेव्स्कीची. ती आहे विनोदी रचना. व्हर्जिलच्या महाकाव्यातला वीर त्यानं कोसॅक करून टाकला, खाणारा, पिणारा, भांडणारा, आणि त्याला खेड्यातल्या माणसांच्या भाषेत बोलतं केलं. जी बोली दरबारात गावंढळ ठरली होती, ती साहित्यात शिरली ती हसवण्याच्या वाटेनं. माझ्या झाडीबोलीकडं पाहताना मला हे नेहमी आठवतं.

उजेड बदलतो. टेंभ्यांच्या जागी गॅसबत्तीचा सूंऽऽ आवाज येतोय. 1942 चा कार्तिक. ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं गेली. मंडई भरलीय, पण मोठ्यानं कुणी बोलत नाही. झाडाखाली काठी टेकून खराखुरा शिपाई बसलाय आणि त्याच्याभोवती चार हात जागा मोकळी आहे.

सोंगाड्या दरोगा होऊन येतो. पोटावर उशी बांधलीय, कमरेला दोरी, दोरीला मुसळ. कुणी हसत नाही. तुमच्याही पोटात गोळा येतो, आता या माणसाचं काय होणार? तो ओरडतो, "स्वराज कहाँ छुपाया है?" ढोलकीत डोकावतो. शाहिराचा फेटा सोडवून बघतो. तुणतुण्याची तार ओढून कान लावतो. अजून कुणी हसत नाही. मग तो म्हातारी झालेल्या गड्यापुढं येतो आणि तिचा बटवा हिसकावतो. म्हातारी शांतपणे सुपारी चघळत म्हणते, "तुमच्या मांगंच उभा हाये जी."

दरोगा गर्रकन वळतो. मागं कुणी नाही. "अजूनबी मांगंच हाये जी." पुन्हा वळतो. पुन्हा. वळता वळता मुसळ त्याच्याच पायात येतं, तो गरगरतो आणि धाडकन पडतो. आधी एक लहान पोर हसतं. मग एक बाई. मग सगळी बांधी फुटते. ते हसू ऐकून तुमच्या अंगावर काटा येतो, कारण त्यात रडणंही आहे. तीन महिने छातीत अडकलेलं काहीतरी मोकळं झालंय. झाडाखालचा शिपाई मिशीत हसू दाबतोय, आणि ते शेजारच्यानं पाहिलंय. थोड्या वेळानं कुणीतरी त्याच्याकडं पानाचा विडा सरकवतं.

हे 'जी' कानात साठवून घ्या असं म्हटलं होतं ते यासाठी. म्हातारीनं दरोग्याला शिवी दिली नाही. आदरानं बोलली, आणि त्या आदरातच त्याला लोळवलं. या मुलखाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, विनोदाची ही खास धाटणी आहे.

1977 मध्ये जास्त थांबू नका, एक आवाज ऐकून पुढं चला. आणीबाणी उठतेय, निवडणूक लागलीय, आणि ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं ते पु. ल. देशपांडे जाहीर सभांत उभे राहून हुकूमशाहीविरुद्ध बोलताहेत. निवडणूक झाली, सरकार बदललं आणि पुलं पद न घेता आपल्या कामाकडं परतले.

दुसऱ्या एका देशातला विनोदी नट परतला नाही. त्याच्याकडं जायचं तर टॉर्च पेटवा, कारण तिथं वीज नाही.

2022 चा हिवाळा, कीव्ह. ऑक्टोबरपासून रशियाची क्षेपणास्त्रं वीजकेंद्रांवर पडताहेत. तुम्ही एका तळघरात पायऱ्या उतरून आलात. माणसं कोटांत गुरफटून बसलीत आणि समोर एक पोरगी माइकशिवाय बोलतेय. एक शब्दही कळत नसला तरी ठेका ओळखीचा वाटतो. आधी शांतता, मग एक जण, मग सगळे. फरक एवढाच की इथं वर भोंगा वाजला की सगळे कान टवकारतात.

या देशाचा राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की क्रिवी रीह या खाणींच्या शहरातला. तिथं लोखंडाचा दगड निघतो, आणि त्याच मुलखात नीपर नदीकाठी निकोपोल आहे, जगातल्या मोठ्या मॅंगनीज साठ्यांपैकी एक. काळ्या दगडाच्या मुलखातलीच ही माणसं. आपल्या मोहल्ल्याच्या नावावरून त्यानं फडाला नाव दिलं, 'क्वार्ताल 95'. 2015 मध्ये त्याची एक मालिका आली. त्यात तो इतिहासाचा मास्तर आहे, भ्रष्टाचारावर चिडून बोलतो, विद्यार्थी ते गुपचूप चित्रित करतात आणि मास्तर राष्ट्राध्यक्ष होतो. 2019 च्या एप्रिलमध्ये सोंग खरं झालं. 73 टक्के मतं पडली. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य घुसलं तेव्हा तो राजधानी सोडून गेला नाही.

सगळ्या सोंगाड्यांच्या वाट्याला असं येत नाही. ओस्ताप विश्न्या हा युक्रेनचा लाडका विनोदी लेखक. 1933 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला उचललं आणि दहा वर्षं छावणीत ठेवलं. हसवणाऱ्याला सत्ता किती मोजते हे त्या दहा वर्षांवरून कळतं.

तळघरातल्या त्या पोरीकडं पुन्हा पाहा. ती युक्रेनीत बोलतेय. युद्धाआधी तिथले कितीतरी विनोदी कलाकार रशियनमध्येच खेळ करत, कारण बाजार मोठा होता. युद्ध सुरू झाल्यावर अनेकांनी भाषा बदलली. माणूस दुसऱ्याच्या भाषेत अर्ज लिहितो, नोकरी करतो, कोर्टात साक्षही देतो, पण मनापासून हसायला त्याला आपली बोली लागते.

टॉर्च विझवा आणि आजीशेजारी परत या.

नाटकाचा दुसरा अंक सुरू झालाय. नायक-नायिका पुस्तकी मराठीत बोलताहेत आणि आजीला डुलकी लागलीय. तेवढ्यात विनोदी पात्र येतं, पहिलंच वाक्य झाडीबोलीत टाकतं, आणि आजी टक्क जागी होते. तिच्या घरातली भाषा माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकू येतेय. शाळेत ज्या बोलण्यावरून तिच्या नातवाला हसले, त्याच बोलण्यानं इथं टाळी घेतली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, तिची साहित्य संमेलनं भरू लागली, हे मोठं काम आहे. पण रोज रात्री, हजारो माणसांपुढं, ती बोली ताठ उभी ठेवली ती विनोदी नटांनी. मला याचं समाधान आहे आणि सलही आहे. नायकानं या बोलीत प्रेम करावं, नायिकेनं तिच्यात रडावं, न्यायाधीशानं तिच्यात निकाल द्यावा, अशी नाटकं मला हवी आहेत.

आणखी एक सल सांगायलाच हवा. आज या रंगमंचावर दारुड्यावर, लंगड्यावर, बायकांवर केलेले विनोदही होतात आणि हमखास टाळी घेतात. सुपड्याची हॅट घालणाऱ्याचा नेम वरच्यावर होता. खालच्यावर नेम धरणारा सोंगाड्या आपलीच परंपरा विकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच परशुराम खुणे यांचं नाव घेताना ऊर भरून येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातला हा शेतकरी. झाडीपट्टीत 5000 हून अधिक प्रयोग, 800 भूमिका, लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. नक्षलवादाच्या छायेतल्या मुलखात त्यांनी लोकांना हसवलं आणि वाट चुकलेल्या तरुणांना परत आणण्यासाठीही ते झटले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या ज्या रस्त्यांनी फिरतात, त्या रस्त्यांवरून एक विनोदी नट राष्ट्रपती भवनात पोचला.

पहाटेचे पाच. भैरवी झाली. लोक बोरे झटकताहेत, झोपलेली पोरं खांद्यावर टाकताहेत. थंडीनं तोंडातून वाफ निघतेय. हापशीवर विनोदी नट तोंड धुतोय. एकटाच आहे, म्हणून एका हातानं दांडा मारतो आणि दुसऱ्या तळहातात पाणी धरायला धावतो. अर्धं पाणी वाया जातं. आजी बोरा काखेत मारून पुढं होते आणि काही न बोलता दांडा धरते. तो दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारतो. रंग उतरतो.

"कोन्या गावचा जी तू?" आजी विचारते.

तो चेहरा पुसतो. रात्रभर बोलून घसा बसलाय. तरी तो रात्रीच्याच बोलीत, रात्रीच्याच आवाजात उत्तर देतो, आणि दांडा तसाच हातात धरून आजी हसायला लागते.